वर्षभर रोज निडलपॉइंट: एका दिवसाला बारा धाग्यांचं एक घर

निडलपॉइंट म्हणजे भोकाभोकांच्या जाळीदार कॅनव्हासवर टाक्यांनी सगळी जागा भरून काढायचं भरतकाम. त्याविषयीचा प्रश्न असा आहे: "दोन छोट्या उशा आणि चष्म्याचं एक पाकीट, एवढं निडलपॉइंट मी आजवर केलं आहे. येत्या वर्षी रोज थोडं तरी भरायचं, एकही दिवस चुकवायचा नाही असं मनात आहे. काय निवडू? रोज किती करू? आणि मध्येच सुटू नये म्हणून काय करू?"

करा, जरूर करा. फक्त दोन गोष्टी आधी मनाशी पक्क्या करा. रोजचा वाटा आपल्या चांगल्या दिवसाच्या मापाने ठरवायचा नाही, सगळ्यात वाईट दिवसाच्या मापाने ठरवायचा. आणि आज कुठला रंग, कुठला टाका, कुठली जागा, हे रोज रात्री सुई हातात घेऊन ठरवावं लागू नये, अशी तजवीज वर्ष सुरू व्हायच्या आधीच करून ठेवायची. बाकी सगळं यातूनच निघतं.

मी बावीस वर्षं कॅनव्हासवर भरते आहे. असं रोजचं वर्ष तीनदा धरलं. पहिलं एप्रिलमध्ये सुटलं, नंतरची दोन पूर्ण झाली. पहिलं का सुटलं ते आधी सांगते, कारण नव्याने सुरू करणारे बहुतेक जण तीच चूक करताना मला दिसतात. मी १८ काउंटचा कॅनव्हास घेतला होता, म्हणजे एका इंचात अठरा भोकं. ठरवलं की रोज एक चौरस इंच भरायचा. ऐकायला एक इंच किती लहान वाटतो! पण १८ गुणिले १८ म्हणजे ३२४ टाके. माझा हात मिनिटाला आठ-नऊ टाके चालतो. सुई ओवणं, धागा सुरू करणं, संपवणं धरून पाऊण तास सहज जायचा. सुट्टीच्या दिवशी पाऊण तास कुठे गेला कळायचं नाही. कामाच्या दिवशी रात्री दहा वाजता तोच पाऊण तास डोंगराएवढा व्हायचा. एक दिवस राहिला की दुसऱ्या दिवशी दीड तास. एप्रिलच्या मध्यावर सतरा चौरस इंच मागे पडले होते, म्हणजे पावणेतेरा तासांचं काम. ते कधी भरून निघणार नाही हे कळलं आणि सुई खाली ठेवली. मला कंटाळा आला नव्हता, भरायची हौसही तेवढीच होती. माप चुकलं होतं.

म्हणून पहिलं काम मोजायचं. ज्या कॅनव्हासवर वर्ष काढायचं त्याचा चार इंचांचा तुकडा घ्या आणि पंधरा मिनिटांचा गजर लावून साधा टेंट स्टिच भरा, म्हणजे कॅनव्हासचे दोन धागे जिथे एकमेकांवरून जातात त्या प्रत्येक छेदावर एक तिरका टाका. तीन वेगवेगळ्या दिवशी करा. त्यातला एक दिवस खरोखर दमलेला असू द्या, जेव्हा नुसतं बसावंसंही वाटत नाही. तीन आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा हा तुमचा रोजचा वाटा. तो साठ टाके आला तर साठ. त्याची सरासरी काढू नका. सरासरीवर आखलेलं वर्ष पहिल्या आजारपणात कोलमडतं.

आता रचना. दोन पूर्ण वर्षांनंतर मी ज्या मांडणीवर स्थिरावले आहे ती देते. तुमचं मोजमाप वेगळं निघालं तर आकडे बदला.

१३ काउंटचा, एकेरी विणीचा (जोडीजोडीने नाही, एकेका धाग्याने विणलेला) कॅनव्हास. त्यावर रोज एक घर: बारा धागे रुंद, बारा धागे उंच. दोन घरांच्या मध्ये एका धाग्याची रेघ. बारा आणि एक तेरा, म्हणजे रेघेसकट प्रत्येक घर बरोबर एक इंचाचं होतं आणि मोजपट्टी लावली की कुठे चुकलं ते लगेच दिसतं. घरात टेंट स्टिचने मोजले तर १४४ टाके. माझ्या हाताला ही पंधरा-सतरा मिनिटं. बारा धागेच का, तर बाराला दोन, तीन, चार आणि सहा या चौघांनीही भाग जातो आणि निडलपॉइंटचे बरेचसे सजावटीचे टाके याच मापांत बसतात. दहा धाग्यांच्या घरात तीनचा आणि चारचा टाका बसत नाही, कडेला तुकडे उरतात आणि ते तुकडे बसवताना रोजची पाच मिनिटं जादा जातात.

आणि ३६५ घरं बसवायची कशी? हे मला दुसऱ्या वर्षाच्या आधी कागदावर चौकोन आखताना सापडलं आणि त्या दिवशी फार आनंद झाला होता. तेराचा वर्ग १६९, चौदाचा वर्ग १९६, दोन्ही मिळून बरोबर ३६५. म्हणजे वर्षाच्या दोन उशा: एक तेरा बाय तेरा घरांची, तेरा इंचांची, दुसरी चौदा बाय चौदाची, चौदा इंचांची. एकही घर शिल्लक नाही, एकही कमी नाही. लीप वर्ष असेल तर उरलेलं एक घर टाचण्या खोचायच्या छोट्या गादीवर लावा.

याचा खरा फायदा मध्यावर कळतो. १ जानेवारीला सुरुवात केली तर १६९ वं घर १८ जूनला येतं. वर्षभराच्या कुठल्याही कामात मे-जून हा सगळ्यात घसरणीचा काळ. सुरुवातीची नवलाई संपलेली असते आणि शेवट नजरेच्या टप्प्यात नसतो. नेमक्या त्याच वेळी एक पूर्ण उशी फ्रेमवरून उतरते. एकच मोठा कॅनव्हास घेतलात तर तो जूनमध्ये अर्धा रिकामा तुमच्याकडे बघत असतो.

घरांची मांडणी नको, एखादं रंगवलेलं चित्रच भरायचं असेल, तर रोज एक धागा असं माप ठेवा. पंचेचाळीस सेंटिमीटरचा एक धागा ओवायचा, संपला की त्या दिवसाचं काम संपलं. १३ काउंटवर चौरस इंचाला साधारण सव्वा मीटर धागा लागतो. दोन्ही टोकांची नासाडी वजा केली की वर्षभरात साधारण साडेदहा इंच लांब आणि तेवढंच रुंद चित्र होतं. त्याहून मोठं चित्र एका वर्षासाठी घेऊ नका. ही पद्धत चांगली आहे, पण पार्श्वभूमीचा एकच रंग महिनाभर भरावा लागतो, आणि रोजच्या कामात ते जड जातं.

रंग बदलत राहिले की हात टिकतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ पासून इंग्लंडमध्ये कैदेत होती. १५६९ मध्ये टटबरी किल्ल्यात निकोलस व्हाइट नावाचा अधिकारी तिला भेटला. हवा बाहेर पडू देत नाही तेव्हा दिवस कसा घालवता, असं त्याने विचारलं. ती म्हणाली की दिवसभर सुईकाम करते, रंगांच्या विविधतेमुळे काम कमी कंटाळवाणं वाटतं, आणि दुखायला लागेपर्यंत मी ते सोडत नाही. व्हाइटने हे पत्रात लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. तिने आणि बेस ऑफ हार्डविकने, म्हणजे तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या सरदाराच्या पत्नीने, त्या काळात कॅनव्हासवर भरलेले छोटे अष्टकोनी आणि क्रूसाच्या आकाराचे तुकडे नंतर हिरव्या मखमलीवर जोडले गेले. ते पडदे आज नॉरफोकमधल्या ऑक्सबर्ग हॉलमध्ये आहेत. एकेक प्राणी, एकेक पक्षी, एकेक झाड, असे सुटे तुकडे. ते मी पहिल्यांदा छायाचित्रात पाहिले तेव्हा वाटलं, लांबलचक काळ भरून काढायचा तर काम असंच तुकड्यांत असायला हवं. तिच्या उत्तरातला दुसरा भाग, दुखेपर्यंत न थांबण्याचा, तो मात्र घेऊ नका. त्यावर पुढे येते.

आता सामान. कॅनव्हास चारही बाजूंनी दोन इंच जास्त, म्हणजे पहिल्या उशीला सतरा इंच, दुसरीला अठरा. कडांना कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर कापलेले धागे लोकर ओढत राहतात. कॅनव्हासची विणलेली किनार डावी-उजवीकडे राहील असा तो धरा आणि वरच्या कडेवर पेन्सिलने "वर" असं लिहा. वर्षभरात फ्रेम पन्नास वेळा उचलली-ठेवली जाते, तो कधीतरी आडवा होतोच, आणि आडवा झालेला कॅनव्हास लक्षात न येता भरला गेला तर टाक्यांची वीण बदलते. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर टाचण्यांनी तो ढोलकीसारखा ताणून बसवा. सुई बोथट टोकाची, २० नंबरची. धागा मी तीन पदरी पर्शियन लोकर वापरते, कारण तिचे पदर सुटे होतात. तिरक्या टाक्यांना १३ काउंटवर दोन पदर पुरतात. उभ्या टाक्यांना दोन पदर घेतले की मधून कॅनव्हास पांढरा डोकावतो, तिथे तीन घ्यावे लागतात. सुती धागाच हवा असेल तर ३ नंबरचा पर्ल कॉटन तिरक्या टाक्यांना बरोबर बसतो.

रेघांचा रंग गडद घ्या आणि तो सगळा एकदम, एकाच डाय-लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला घ्या. पहिल्या उशीच्या रेघांचे ४,५६४ टाके होतात, दुसरीच्या ५,२६५. दोन्हींना मिळून सत्तर मीटरच्या आसपास धागा लागतो, सुरुवात-शेवटाची नासाडी धरून नव्वद मीटर जवळ ठेवा. हे मीटर म्हणजे ओवलेल्या दोन पदरी धाग्याचे. एकच नंबर असूनही वेगवेगळ्या लॉटचा निळा शेजारी शेजारी आला तर तो फरक दिव्याखाली कळत नाही, सकाळच्या उजेडात ओरडून दिसतो.

पहिल्या उशीच्या रेघा वर्ष सुरू व्हायच्या आधी भरून टाका. साडेआठ-नऊ तासांचं काम आहे, आधीच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी करा. हे मी आग्रहाने सांगते, कारण चौकटी तयार असल्या की मोजणीची चूक एका घराच्या बाहेर जात नाही. रेघा नसताना मी एका नमुन्यात एक धागा चुकले होते आणि ते नऊ घरांनंतर लक्षात आलं. नऊ घरं उसवताना लोकरीचा भुसा भोकाभोकांत अडकून बसतो, चिमट्याने काढावा लागतो. दुसऱ्या उशीच्या रेघा मे महिन्यापासून जमेल तशा घाला.

रेघा आधी असल्या की एक नियम पाळावा लागतो: सुई रिकाम्या भोकातून वर काढायची आणि भरलेल्या भोकात खाली घालायची. घराच्या कडेची भोकं रेघेच्या टाक्यांनी आधीच भरलेली असतात. तिथून सुई वर आली तर गडद लोकरीचे तंतू ओढून वर आणते आणि तुमच्या फिक्या घराची कड मळकट दिसते. वरून खाली गेली तर तेच तंतू मागच्या बाजूला ढकलले जातात. टाका तोच, जागा तीच, फरक फक्त दिशेचा. एक घर असं आणि एक घर तसं भरून शेजारी ठेवून पाहा.

साधा टेंट स्टिच तीन तऱ्हांनी घालता येतो: हाफ क्रॉस, कॉन्टिनेंटल आणि बास्केटवीव्ह. पुढून तिन्ही सारखेच दिसतात, एका छेदावर एक तिरका टाका. मागून तिन्ही वेगळे. हाफ क्रॉसला धागा सगळ्यात कमी लागतो, पण एकेरी विणीच्या कॅनव्हासवर तो टाका धाग्यांच्या मध्ये घसरतो. कॉन्टिनेंटलमध्ये मागचे सगळे टाके एकाच बाजूला ओढतात आणि चौकोनाचा हळूहळू पतंगासारखा तिरका आकार होतो. रेघांना तोच वापरावा लागतो, त्याला इलाज नाही. पण घर भरताना बास्केटवीव्ह शिका. वर्षभराच्या कामात हा एक टाका नीट आला तर बाकी बरंच काही आपोआप नीट होतं.

तो कसा, हे कॅनव्हास डोळ्यांजवळ धरून पाहा. प्रत्येक छेदाशी दोन धागे एकमेकांवरून जातात. कुठे उभा धागा वर असतो, कुठे आडवा. डावीकडून वरून उजवीकडे खाली अशा तिरक्या ओळीत बोट फिरवा: एका ओळीत सगळीकडे उभाच धागा वर, तिच्या शेजारच्या ओळीत सगळीकडे आडवाच वर. बास्केटवीव्ह याच तिरक्या ओळींत भरला जातो, एक ओळ खाली उतरत आणि पुढची वर चढत. जिथे उभा धागा वर आहे ती ओळ उतरत भरायची, खांबावरून घसरल्यासारखी. जिथे आडवा धागा वर आहे ती चढत भरायची, पायऱ्यांसारखी. उतरताना सुई मागे उभी जाते, दोन आडव्या धाग्यांखालून. चढताना आडवी जाते, दोन उभ्या धाग्यांखालून. मागच्या बाजूला टोपलीच्या विणीसारखं कापड तयार होतं, दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात आणि घर चौकोनीच राहतं. आणि यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट अशी, की काल ओळ कुठे आणि कुठल्या दिशेने सोडली होती हे आठवावं लागत नाही. रिकाम्या छेदाकडे बघितलं की कॅनव्हासच सांगतो. लागोपाठ दोन ओळी एकाच दिशेने भरल्या तर पुढच्या बाजूला एक बारीक तिरकी सुरकुती उठते. ती नंतर पाण्याने किंवा ताणून जात नाही.

रोज साधा टाका भरायची गरज नाही, आणि भरूही नये. बाराच्या घरात मोझेक टाका बसतो, दोन बाय दोन धाग्यांत तीन टाके. स्कॉच टाका बसतो, तीन बाय तीनमध्ये पाच किंवा चार बाय चारमध्ये सात. कॅशमीर बसतो, दोन बाय तीनमध्ये चार. स्मर्ना क्रॉस, राइस टाका, चार धाग्यांचं आयलेट, हे सगळे तुकडे न पडता बसतात. ब्रिक, पॅरिसियन, हंगेरियन, बायझंटाइन यांना कडेला अर्धे टाके घालून जागा भरावी लागते. ते टाके सुट्टीच्या दिवसांसाठी ठेवा. ऱ्होड्स टाका दिसायला फार देखणा, मधोमध उंच उठतो. पण सहा धाग्यांचा ऱ्होड्स म्हणजे १३ काउंटवर जवळजवळ अर्धा इंच मोकळा धागा, आणि उशीवर तो बांगडीत, बटणात अडकतो. उशीसाठी मी चार धाग्यांपलीकडे लांब टाका घेत नाही. भिंतीवर लावायची चौकट करणार असाल तर हे बंधन नाही. स्कॉच आणि मोझेक भरताना शेजारच्या चौकोनाची तिरकी दिशा उलटी ठेवत जा, त्यानेही ओढ कमी होते.

सगळ्या टाक्यांची यादी गोळा करत बसू नका. दहा टाके पुरतात. तीन असे, जे डोळे मिटूनही येतील. ते दमलेल्या दिवसांसाठी राखून ठेवा.

रंगांबद्दल. दिवसाच्या तापमानावरून रंग ठरवायचा, मनःस्थितीवरून ठरवायचा, वारावरून ठरवायचा, अशा तऱ्हा लोक वापरतात. तापमानाची पद्धत निर्णय पूर्णपणे काढून घेते, हा तिचा मोठा गुण. पण ऋतू स्थिर असला की तीन-तीन आठवडे एकच रंग येतो. मनःस्थितीची पद्धत मला नको वाटते. वाईट दिवसाच्या शेवटी तो दिवस किती वाईट होता हे स्वतःला विचारून मग काळा की करडा हे ठरवायचं, यात भरण्याचा विसावाच निघून जातो. मी महिन्याच्या शेवटच्या दिवशी पुढच्या महिन्याची पिशवी भरते: एकाच कुळातले तीन रंग, एक गडद, एक उठावाचा. शिवाय एका कागदावर तीस घरांचे टाके क्रमाने लिहून टाकते. अर्धा तास लागतो. मग महिनाभर रोज रात्री कागदावरची ओळ बघायची आणि पिशवीत हात घालायचा. सवय झाल्यावर सुई ओवण्यापासून पहिल्या टाक्यापर्यंत एक मिनिटही जात नाही. पहिल्या वर्षी मी रोज दहा मिनिटं लोकरीच्या लड्यांसमोर उभी राहायची, आणि त्या दहा मिनिटांतच बहुतेकदा "आज राहू दे" असं ठरायचं.

गडद लाल, गडद निळा आणि जांभळा रंग आधी तपासा. धागा ओला करून पांढऱ्या सुती कापडात दाबून धरा. डाग पडला तर तो रंग या कामात नको, कारण शेवटी सगळा कॅनव्हास ओलसर करायचा आहे.

सुरुवात करताना गाठ पुढच्या बाजूला ठेवा, ज्या दिशेने भरणार त्याच दिशेला इंचभर पुढे. भरत गेलात की मागचा धागा टाक्यांखाली दाबला जातो. गाठीपाशी पोचलात की ती कापून टाका. मागच्या बाजूला कायमची गाठ ठेवली तर उशीला पुढून टेंगूळ येतं. गडद धागा फिक्या घराच्या मागून ओढत नेऊ नका. दर चार-पाच टाक्यांनी सुई सोडून लोंबू द्या, पीळ आपोआप सुटतो.

आता चुकलेल्या दिवसांविषयी, कारण तुमच्या प्रश्नातलं "एकही दिवस चुकवायचा नाही" हे मला काळजीचं वाटलं. दिवस चुकणार. ताप येईल, प्रवास असेल, घरात कुणाचं दुखलं-खुपलं असेल. त्याची सोय आधीच करा. माझा नियम असा: आठवड्यात एक घर राहिलं तर त्याच आठवड्यात भरून काढायचं. त्याहून जास्त राहिली तर ती घरं सजावटीने भरायचीच नाहीत. एकच ठरलेला रंग, साधा बास्केटवीव्ह. मी करडा ठेवला आहे. त्याला मी रजेचा रंग म्हणते. रोजच्या घराबरोबर त्यातलं एक-एक भरत गेलं की दोन आठवड्यांत हिशेब मिटतो.

दुसऱ्या वर्षी आई अकरा दिवस रुग्णालयात होती. त्या दिवसांत सुई हातात धरली नाही. घरी आल्यावर पुढच्या अकरा दिवसांत तिच्या खाटेशेजारी बसून रोज दोन घरं भरली, एक त्या दिवसाचं आणि एक करडं. तेरा घरांच्या ओळीत अकरा करडी आहेत, डावीकडे एक पिवळं मोझेक आणि उजवीकडे एक हिरवं स्मर्ना. ती ओळ जवळून बघितली तर तिसऱ्या घरात टाके जरा घट्ट आहेत, सातव्यापासून सैल होत गेले आहेत. त्यातलं काही उसवून सारखं करावं असं मला एकदाही वाटलं नाही. आई आता त्याच उशीला पाठ टेकून बसते.

हाताची काळजी. फ्रेम मांडीवर धरून एका हाताने भरू नका. टेबलाच्या कडेला अडकवा किंवा स्टँडवर लावा, आणि एक हात वर, एक हात खाली ठेवून सुई वरून खाली, खालून वर अशी द्या. पहिला आठवडा खालचा हात आंधळ्यासारखा चाचपडतो, मग वेग वाढतो आणि मनगट वळवावं लागत नाही. वीस मिनिटांनी थांबून बोटं पूर्ण उघडा आणि दूरच्या कशाकडे तरी बघा. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं तर त्या दिवशी घर अर्धं सोडा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर आव्हान बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी रेटून भरणाऱ्यांचा हात कित्येक महिने जातो. उजेड उजव्या हाताच्या माणसाने डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. मांडीवर गडद कापड पसरलं तर पांढऱ्या कॅनव्हासची भोकं स्वच्छ दिसतात.

एक छोटी वही ठेवा. तारीख, टाका, रंगाचा नंबर, किती पदर घेतले, बस. पदर लिहिणं महत्त्वाचं आहे. सप्टेंबरमध्ये मार्चचं एखादं घर आवडलं आणि तसंच पुन्हा करावंसं वाटलं, तर डोळ्यांनी पदर ओळखता येत नाहीत. जोडीला रोज एक छायाचित्र काढलंत तर चांगलंच, पण लोकांना दाखवायसाठी म्हणून नको. कोपऱ्यात राहिलेला एखादा टाका उघड्या डोळ्यांना दिसत नाही, छायाचित्रात लगेच दिसतो.

उशी भरून झाली की चारही बाजूंनी रेघेच्या रंगात टेंट स्टिचच्या आणखी दोन ओळी भरा. शिलाई त्यांच्यातून जाते आणि तुमची शेवटची रेघ पूर्ण दिसते. मग ताणून सुकवणं. एका जाड पुठ्ठ्यावर किंवा मऊ लाकडी फळीवर इंचाच्या चौकटी आखा, त्यावर पांढरं कापड घाला. भरलेला कॅनव्हास पाण्याच्या फवाऱ्याने सारखा ओलसर करा, चिंब नको. आधी वरची कड, मग खालची, मग बाजू, असं ओढत न गंजणाऱ्या टाचण्या इंचाइंचावर लावा. इथे तुमच्या इंचाच्या घरांचा पुन्हा उपयोग होतो: फळीवरची रेघ आणि कॅनव्हासवरची रेघ जुळली की झालं. पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका, दीड-दोन दिवस. दमट असताना काढला तर तो पुन्हा तिरका होतो.

चौदाच्या उशीतलं शेवटचं घर नाव आणि वर्षासाठी ठेवा. तारीख घालायची रीत जुनी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिचा भरतकामाचा नमुना आहे, त्यावर तिने स्वतःचं नाव आणि १५९८ हे साल भरलं आहे, आणि साल घातलेल्या ब्रिटिश नमुन्यांत तो सगळ्यात जुना मानला जातो. बारा धाग्यांत चार आकडे बसत नाहीत, मी खूप प्रयत्न करून पाहिला. वर सहा धागे उंचीचं आद्याक्षर, मध्ये एक धागा मोकळा, खाली पाच धागे उंचीचे सालाचे शेवटचे दोन आकडे. प्रत्येक आकडा पाच धागे रुंद आणि मध्ये एक धागा सोडला की अकरा होतात, बारावा कडेला उरतो. आधी चौकटीच्या कागदावर काढून बघा, मग अक्षरं भरा, आणि मोकळी जागा सगळ्यात शेवटी.